काहीच नसलेल्या माळावर

'पुणे-सुपे' ही जोडी तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली असेल. शहाजीराजांची जहागीर ती पुण्या-सुप्याची. त्यातलं पुणं सगळ्यांना माहीत असतं. पण सुपे कुठं, असं विचारलं की वर्गातल्या सगळ्या माना खाली! (पालकांच्या सभेतही मी हा प्रश्न विचारून पाहिला आहे. तिथंही फारसं वेगळं चित्र नव्हतं बरं का.)

तर सांगते. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं निघायचं, चौफुल्याला उजवीकडं वळायचं, की थोड्याच वेळात बारामती तालुक्यातलं सुपे येतं. पुण्यापासून साधारण सत्तर किलोमीटर. अष्टविनायकाच्या यात्रेत तुमच्यापैकी कितीतरी जण मोरगावला गेले असतील. तिथूनही हे जवळच. मोरगावच्या गणपतीचं नाव मयूरेश्वर, आणि त्याच्याच नावाचं एक अभयारण्य या सुप्याजवळ आहे. १९९७ साली ते जाहीर झालं. केवढं मोठं म्हणाल, तर पाच चौरस किलोमीटरांहून किंचित जास्त. ताडोबा नाहीतर मेळघाट पाहून आलेली मंडळी हसतील. पण सहलीला मी दरवर्षी मुलांना इथंच आणते.

अभयारण्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? दाट झाडी, खळाळणारा ओढा, झाडावर माकडं आणि नशीब असेल तर वाघ. इथं यातलं काही म्हणजे काहीच नाही. उघडी टेकाडं, पायाखाली मुरूम, मधूनच एखादी खुरटी बोर किंवा हिवराचं झाड आणि नजर जाईल तिथवर गवत. पावसाळ्यात हिरवं, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात वाळून पांढरटलेलं. एकदा सहलीबरोबर आलेले एक पालक चांगले पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून चौफेर बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, एवढा गाडीखर्च करून हे बघायला आणलंत? असला माळ तर आमच्या गावाला फुकट आहे!"

त्यांचं म्हणणं खरंच होतं. असला माळ त्यांच्या गावाला होता, तुमच्याही गावाला असेल किंवा थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत असेल. त्या होता-नव्हताचीच गोष्ट मला आज सांगायची आहे. पण आधी आपण जरा खाली बसू या. माळ उभ्यानं दिसत नाही, तो बसूनच बघावा लागतो.

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे ढग पाणी ओतून रिकामे होतात आणि पूर्वेकडं सरकतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नसलेल्या या भागात जेमतेम चार-पाचशे. एवढ्याशा पाण्यात मोठं झाड कसं वाढणार? वाढतं ते गवत. पवन्या, मारवेल, कुसळी अशी त्यांची नावं. धनगरांच्या पोरांना ती लांबून ओळखता येतात. आपल्याला येत नाहीत, कारण आपल्या लेखी सगळं नुसतं 'गवत'. गवताची एक युक्ती सांगते. झाडाचा शेंडा खुडला की वाढ अडते. गवताची वाढ मात्र बुडख्यापाशी, जमिनीलगत होते. वरचं पातं मेंढीनं खाल्लं तरी खालून नवं येतच राहतं. शिवाय त्याचा मोठा भाग जमिनीखाली मुळांच्या जाळ्यात असतो. वणवा लागून माळ काळा ठिक्कर पडला तरी पहिल्या पावसाबरोबर तो परत हिरवा होतो, तो याच मुळांच्या जोरावर.

आता गवतात बसून दहा मिनिटं गप्प राहायचं. (चौथीच्या वर्गाला हे फार कठीण जातं. सहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते.) पहिला दिसतो तो नाकतोडा. वाळक्या काडीसारखा एक, हिरव्या पात्यासारखा दुसरा, मातीच्या ढेकळासारखा तिसरा. गवत खाऊन राहणाऱ्यांत संख्येनं मोठी फौज यांचीच. मग चंडोल दिसतात, बिया आणि किडे टिपत जमिनीवर चालणारे. ढगांच्या सावलीबरोबर एक मोठा पक्षी माळावरून अगदी खालून, पंख इंग्रजी 'व्ही'सारखे उचललेले, तरंगत जातो. तो भोवत्या. हिवाळ्यात तो इथं येतो तो कुठून, माहीत आहे? मध्य आशियातून, पार कझाकस्तानच्या गवताळ मैदानांवरून. एवढा हजारो किलोमीटर उडून तो आपल्याकडं येतो कशासाठी, तर मुख्यतः नाकतोडे खायला! मी हे सांगितलं तेव्हा पोरं अशी हसली की समोरचा धाविक पळून गेला. धाविक म्हणजे तुरुतुरु धावणारा, तांबूस अंगाचा, डोळ्यावर काळी-पांढरी पट्टी असलेला पक्षी. त्याला उघडी, मोकळी जमीनच लागते. घरटंसुद्धा तो बांधत नाही. उघड्या मातीतच अंडी घालतो, आणि ती खड्यांसारखी दिसतात म्हणूनच वाचतात.

एका बाभळीखाली आम्हांला करंगळीच्या पेराएवढी एक करडी, केसाळ गोळी मिळाली. कुणी म्हणालं लेंडी, कुणी म्हणालं चिखलाचा गोळा. ती काडीनं अलगद उकलली तेव्हा आत उंदराचे केस, बारीक हाडं आणि दात असलेली एक इवलीशी कवटी निघाली. बाभळीच्या शेंड्यावर कापशी घार बसते ना, तिची ही 'उलटी'. घार, घुबड, गरुड असे पक्षी भक्ष्याचे केस-हाडं पचवू शकत नाहीत. पोटात त्यांची गोळी होते आणि ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. सगळी मुलं "ईऽऽ" करून मागं सरली. पण पाच मिनिटांनी पाहते तो सगळीच त्या गोळीभोवती डोकी जोडून बसलेली. त्या एका गोळीत गवत, उंदीर आणि घार अशी आख्खी साखळी होती. फळ्यावर बाण काढून मी जे तासभर शिकवते ते तिथं चिमटीत मावलं.

फळ्यावरचे बाण आठवतात ना? सूर्य, गवत, नाकतोडा, सरडा, साप, गरुड. पुस्तकातली ही साखळी माळावर आलं की सरळ राहत नाही. तिची गुंतवळ होते. खोकडाचंच बघा. खोकड म्हणजे आपला छोटासा माळरानातला कोल्हा, काळ्या टोकाच्या झुपकेदार शेपटीचा. तो उंदीर खातो, किडे खातो, सरडे खातो, वारुळाजवळ बसून वाळवीही खातो आणि बोरं पिकली की चक्क बोरांवर ताव मारतो. बोरांच्या बिया त्याच्या विष्ठेतून माळभर पडतात, त्यातून नवी बोर उगवते, आणि तिचा पाला चिंकारा खातो. आता सांगा, खोकडाला मांसाहारी म्हणायचं की बोरीचा माळी?

चिंकारा हे इथलं मुख्य आकर्षण. त्याच्याचसाठी हे अभयारण्य झालं. वीसेक किलो वजनाचं, भुऱ्या रंगाचं, बारीक पायांचं हरीण. नर-मादी दोघांनाही शिंगं असतात, मादीची बारीक. घाबरलं की नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतं, आणि छोटी काळी शेपटी सारखी हलवत राहतं. पाणी त्याला फार कमी लागतं. पाल्यातून, पहाटेच्या दवातून त्याची तहान बरीचशी भागते. दुष्काळी मुलखात राहायचं म्हणजे असंच काटकसरीनं राहायला हवं! पण आमच्या मुलांना चिंकाऱ्याइतकाच, किंबहुना त्याच्यापेक्षा जास्त आवडला तो त्याच्या लेंड्या आणि मेंढरांचं शेण उचलणारा शेणकिडा. मागच्या पायांनी, उलटं चालत, स्वतःपेक्षा मोठा गोळा ढकलत नेणारा. तो गोळा तो मातीत पुरतो, त्यात अंडी घालतो. अळीची सोय होते आणि जमिनीला खत मिळतं. वाळवीचंही तसंच. घरातल्या दारांना लागली की आपण तिच्या नावानं बोटं मोडतो, पण इथं उन्हाळ्यात वाळलेलं गवत, काटक्या, पालापाचोळा जमिनीत परत नेण्याचं मोठं काम तीच करते. वारुळात खोलवर ती चक्क बुरशीची शेती करते. बाहेरून आणलेल्या काडीकचऱ्यावर बुरशी वाढवायची आणि ती खायची!

आता एक गणित. घाबरू नका, दहानं भागायचंच आहे फक्त.

अमेरिकेत रेमंड लिंडमन नावाचा एक तरुण शास्त्रज्ञ होता. मिनेसोटा राज्यातल्या एका छोट्याशा तळ्याचा त्यानं काही वर्षं ध्यास घेतला. तळ्यातल्या शेवाळापासून माशापर्यंत कोण किती खातं आणि त्यातलं किती पुढं जातं याचा जमाखर्चच मांडला म्हणा ना. त्याची बायको एलेनॉर त्याच्याबरोबर काम करायची. १९४२ साली त्याचा तो निबंध छापून आला, पण तो पाहायला तो स्वतः नव्हता. काही महिने आधीच तो आजारपणात वारला होता. वय अवघं सव्वीस. त्यानं दाखवून दिलं की एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना बहुतेक ऊर्जा गळून जाते. चालण्यात, पळण्यात, अंग ऊबदार ठेवण्यात ती खर्च होते. ढोबळ मानानं दहातला एक भाग पुढं पोचतो असं आज धरतात.

म्हणजे बघा. हजार किलो गवत खाल्लं गेलं तर त्यातून मेंढ्या-चिंकारे अंगानं वाढणार शंभर किलो. ते शंभर किलो कुणी खाल्ले तर खाणारा वाढणार दहा किलो. इथला सगळ्यांत वरच्या पायरीवरचा खाणारा साधारण वीस किलोचा असतो. मग त्याच्यासाठी किती गवत हवं? दोन हजार किलो. तेही नुसतं अंग धरण्यापुरतं. जगत राहायला रोजचं जेवण वेगळंच. म्हणून तर माळावर नाकतोडे लाखांनी, उंदीर हजारांनी, आणि तो सगळ्यांत वरचा मोजून चार-दोन.

कोण तो? लांडगा.

गोष्टीतल्या लांडग्याला तुम्ही लहानपणापासून ओळखता. 'लांडगा आला रे आला' सगळ्यांना पाठ असतं. खऱ्या लांडग्याला ओळखणारे फार थोडे. एके काळी या माळांवर चित्तादेखील होता. तो भारतातून नाहीसा झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. वाघ-बिबट्याला लपायला झाडी किंवा उंच पीक लागतं. उघड्या माळावर लांडगाच राजा. आपल्या देशभरात मिळून तो आता साधारण तीन हजारांच्या आसपास उरला आहे. एवढ्या मोठ्या देशात तीन हजार! आणि पुणे, सोलापूर, अहिल्यानगर, सातारा या जिल्ह्यांतले माळ म्हणजे त्याची फार जुनी घरं.

पण एक अडचण आहे. लांडग्यांच्या एका टोळीला फिरायला दोनशे-एक चौरस किलोमीटर मुलूख लागतो, आणि आपलं अभयारण्य तर पाच चौरस किलोमीटरांचं! म्हणजे दहानं भागाकार करून झाल्यावर इथलं गवत त्याला पुरतच नाही. तो राहतो मग अभयारण्याबाहेर. गावाच्या गायरानात, वनखात्याच्या तुकड्यांत, कुणाच्या पडीक रानात, उसाच्या कडेनं. ससा, उंदीर, चिंकाऱ्याचं पाडस मिळालं तर ठीक. नाहीतर मेंढरू.

सुप्याहून परतताना रस्त्याला लागून एक धनगरवाडा उतरला होता. वाडा म्हणजे भिंतींचा नाही बरं का. चार घोडी, दोन-तीन कुत्री, पोराबाळांसकट बिऱ्हाड आणि दोरीच्या जाळीत कोंडलेली मेंढरं. त्या जाळीला वाघूर म्हणतात. शेजारच्या शेतकऱ्यानंच ती मेंढरं रानात बसवली होती. रात्रभर मेंढरं बसली की लेंड्या-मुताचं खत फुकटात रानाला मिळतं, आणि त्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. बघा, माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून ज्वारीच्या रानात पोचलं! फळ्यावरच्या साखळीत हा बाण मी पुढच्या वर्षीपासून काढायला लागले.

घोंगडी पांघरून बसलेल्या आजोबांना मुलांनी घेरलं. मीच विचारलं, "आजोबा, लांडगा येतो का वाड्यावर?"

"येतो की. न येऊन जाईल कुठं? त्येला बी प्वाट हाय."

"मग राग नाही येत?"

"येतो तर! कोकरू न्हेलं का दोन दिस भाकर ग्वाड लागत न्हाई. पर बाई, शंभर मेंढरं राखायची म्हंजी त्यातलं येखादं त्येचं असायचंच. आमचा आजा बी हेच म्हनायचा. वाटा हाय त्येचा."

चुलीपाशी बसलेल्या आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम कडाडल्या, "वाटा म्हनं वाटा! ह्यांचं काय जातंय म्हनायला? आय मेलेलं कोकरू, म्या बाटलीनं दूध पाजून वाढिवलं हुतं. त्येच न्हेलं नव्हं मेल्यानं!"

आजोबा काही बोलले नाहीत. मुलंही गप्प झाली. इतका वेळ ती लांडग्याच्या बाजूनं होती, आता कुणाच्या बाजूनं व्हावं ते त्यांना कळेना. मलाही चटकन काही सांगता आलं नाही. मेंढरू वाढलं की काही हजारांना विकलं जातं, आणि वाड्यावर पगाराचा दुसरा दिवस नसतो. नुकसानभरपाई मिळते, नाही असं नाही. सरकारचा तसा नियम आहे. पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो, आणि वाडा तर तोवर पुढच्या गावाला निघालेला असतो. दिवाळी झाली की यातले कितीतरी वाडे घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. कुणाच्या कुठल्या कचेरीत खेटे घालायचे?

आणि तरीही, विष घालून लांडगे मारा असं ते आजी-आजोबा दोघंही म्हणाले नाहीत. त्यांची तक्रार वेगळीच निघाली. आजोबा म्हणाले, "लांडग्याचं काय न्हाई ओ बाई. चरायलाच ऱ्हायलं न्हाई. त्याची काय वाट?"

आता तुम्हांला मघाचा प्रश्न आठवत असेल. असला माळ तर आमच्या गावाला फुकट आहे, असं म्हणणारे ते पालक. सरकारी कागदावर अशा जमिनीला काय म्हणतात ठाऊक आहे? 'पडीक'. पडीक म्हणजे रिकामी, कामाची नसलेली. मग तिचं 'काहीतरी' करावं असं सगळ्यांनाच वाटतं. कुठं कारखाने येतात, कुठं मुरूम उपसला जातो, कुठं चुन्याच्या फक्की मारून प्लॉट पडतात. कुठं उपशाचं पाणी येतं आणि माळाचा ऊस होतो. ज्याच्या रानात पाणी आलं त्यानं ऊस लावू नये असं मी कुठल्या तोंडानं सांगू? माझ्याही चहात साखर असतेच. पण एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. चांगल्या हेतूनं माळावर चर खणायचे, ओळीनं गिरिपुष्पाची झाडं लावायची आणि 'उजाड माळ हिरवा केला' म्हणून फोटो काढायचे. झाडं लावायची तर ओढ्याकाठी लावा, रस्त्याकडेला लावा, शाळेच्या आवारात लावा. आम्हीही लावतो. माळावर सावली दाटली की खालचं गवत मरतं. गवत गेलं की नाकतोडे जातात. मग कझाकस्तानचा पाहुणा येऊन खाणार काय? धाविकानं अंडी घालायची कुठं? आजोबांच्या मेंढ्या ते गिरिपुष्प खाऊन किती दिवस काढतील?

हे काही मी नुसतं भीती घालायला सांगत नाही. माळढोकाचं काय झालं ते पाहा. मीटरभर उंचीचा, मोठ्या डौलाचा हा पक्षी. नाकतोडे, भुंगे, सरडे आणि धान्य खाऊन राहणारा, वेळेला बहुधा एकच अंडं घालणारा. सोलापूरजवळच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरांचं होतं. त्यात गावं, शेतं, तालुक्याची ठिकाणं असं सगळंच आलं होतं, त्यामुळं लोकांची अडचण व्हायची. २०१२ साली ते कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणलं गेलं. आज तिथं माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्रातली बातमी होते.

कधी कधी साखळीची कडी अशा जागी तुटते, की कुणाच्या ध्यानातही येत नाही. तुमच्या आई-बाबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की काय व्हायचं. गिधाडं उतरायची. काही तासांत नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ही गिधाडं दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांचं तर शंभरात एखादंही उरलं नाही. कारण कळलं २००३-०४ च्या सुमारास. आजारी गुरांना डायक्लोफेनॅक नावाचं वेदनाशामक औषध टोचलं जायचं. गुरू मेलं की ते औषध मांसातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ साली गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं.

आता मेलेली जनावरं कोण खातं? भटकी कुत्री. त्यात कोंबड्यांच्या शेडमधून मेलेल्या कोंबड्या माळावर आणून टाकतात, तीही मेजवानी त्यांचीच. पोट भरलं की संख्या वाढते. ही कुत्री टोळीनं चिंकाऱ्याच्या मागं लागतात. त्यांचे रोग लांडग्यांना होतात. एवढंच काय, कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं पुणे जिल्ह्यातल्या एका प्राण्याच्या तपासणीतून २०२३ साली सिद्ध झालं. म्हणजे गुराला सुई टोचली गोठ्यात, आणि त्रास पोचला माळावरच्या लांडग्यापर्यंत! एवढा लांबचा बाण मी तरी फळ्यावर कधी काढला नव्हता.

गाडीत बसल्यावर चौथीतल्या एका मुलानं मला विचारलं, "बाई, सगळ्यांना कुणीतरी खातं. मग लांडग्याला कोण खातं?" मी म्हटलं, "तूच सांग." तो गालात जीभ घालून विचार करत बसला. चौफुला येईपर्यंत त्याची यादी तयार होती: "आधी कुत्री. मग कावळे. मग माश्यांच्या अळ्या. मग मुंग्या. मग उरलेलं मातीत. मग गवत." जरा थांबून तो म्हणाला, "आणि मग मेंढरू, आजींचं." शेजारची मुलगी म्हणाली, "आणि आधी गिधाड, असतं तर."

तुम्हांला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. सकाळी लवकर पोचा. वनखात्याच्या फाटकावर नोंद करा आणि आखून दिलेली वाट सोडू नका. तुम्ही सोडलेल्या वाटेवर कुणाची तरी अंडी असू शकतात. पाणी घरूनच न्या, तिथं दुकान नाही. आईबाबा "काहीच तर नाही इथं" असं म्हणतील, त्यांना खाली बसवा.

परत याल तेव्हा तुमच्या मोज्यांत कुसळी गवताची कुसळं रुतलेली असतील. एका टोकाला टोकदार बी आणि मागं वळलेली लांब काळपट शेपटी. चिडून सगळी फेकून देऊ नका, एक ठेवा. ते बशीत आडवं ठेवायचं आणि शेपटीवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे. क्षणभर काही होणार नाही. मग शेपटीचा पीळ सुटायला लागेल आणि ते कुसळ आपोआप गरगर फिरायला लागेल. पहिल्या पावसात माळावर ते असंच फिरतं आणि मळसूत्रासारखं स्वतःला मातीत रोवून घेतं. आमच्या वर्गातल्या कुसळानं साडेतीन फेऱ्या घेतल्या. तुमच्यानं किती घेतल्या ते मोजा आणि लिहून कळवा.